बेचाळीस बँड घेऊन नाशिकला

दिवस पहिला, गुरुवार

ताईचा फोन द्राक्षांसाठी होता. "गोड झालीत आता, चार दिवस काढून ये." तेवढ्यात मागून भाची ओरडली, "मामाला म्हणावं, येताना बँड घेऊन ये!" पुढची दोन मिनिटं ताईला वाटत होतं, कुणाच्या तरी लग्नाचं चाललंय.

भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गिटार वाजवते. दिवाळीपासून तिचा आणि आणखी तिघांचा बँड आहे, त्याला अजून नाव नाही. त्यांना इंडी रॉक करायचंय, पण ऐकलेले बँड पाच-सहाच, तेही ॲपने पुढ्यात टाकलेले. मामा कॉलेजात असताना असलं काहीतरी ऐकत बसायचा, ही घरातली जुनी तक्रार वीस वर्षांनी अशी कामाला आली. तिने एवढंच म्हटलं होतं, 'चांगले बँड सुचव ना.' मी तीन रात्री जागून यादी केली. बेचाळीस बँड, प्रत्येकाचं एक गाणं, सालाप्रमाणे लावलेलं.

सकाळी पुण्यात वाकडेवाडीहून बस पकडली, खिडकीला डोकं टेकलं आणि यादी पहिल्यापासून ऐकायला घेतली. सुरुवात मँचेस्टरच्या बझकॉक्सपासून. या पोरांनी मित्र-नातेवाइकांकडून पाचशे पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्ये चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. कुठल्या कंपनीच्या दारात उभं राहणं नको, गाण्याची लांबी मोजणारा कुणी साहेब नको. इंडी हा इंडिपेंडंटचाच लाडाने तोडलेला तुकडा. पुढे तो शब्द एका आवाजाला चिकटला: खणखणणाऱ्या गिटारी, जरा घसा बसलेला गायक, घरात रेकॉर्ड केल्यासारखी खरखर. पण मुळात भानगड पैशाची. तबकडी कुणाच्या खिशातून निघाली, एवढीच.

नारायणगावला चहा झाला. आळेफाट्यापर्यंत ऐंशीचं दशक आटोपलं. संगमनेरला मी हेडफोन काढले. माझीच निवड, एकेकाळी जीव टाकून ऐकलेली गाणी, आणि ओळीने चौदा झाल्यावर मलाच जांभया यायला लागल्या. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं.

उरलेल्या वाटेत आठवत बसलो, हे सगळं माझ्यापर्यंत आलं कसं. 'रॉक स्ट्रीट जर्नल' नावाचं एक मासिक होतं. अमित सैगल यांनी ते १९९३ मध्ये सुरू केलं, आणि तेही मुंबई-दिल्लीत नाही, अलाहाबादेत. देशभरातल्या पोरांचे बँड त्यात असायचे. आमच्या हॉस्टेलवर त्याचा एखादा अंक कुठून तरी यायचा आणि बारा जणांच्या हातांतून फिरून त्याचा पापड व्हायचा. वरच्या वर्षाच्या एकाकडे सीडी रायटर होता. तो कधी कुणाला 'हे ऐक' म्हणायचा नाही. खोलीत गाणं लावून ठेवायचा आणि पत्ते पिसत बसायचा. तिसऱ्या दिवशी आपणच विचारायचं, "कोण आहे रे हे?" मग तो सीडी काढून द्यायचा. एकच. दुसरी मागितली तर म्हणायचा, ती आधी परत आण.

नाशिकच्या द्वारका चौकात उतरलो तेव्हा दीड वाजून गेला होता. सिडकोत ताईकडे भरली वांगी आणि बाजरीची भाकरी वाट बघत होती, त्यामुळे दुपार गेली झोपेत. रात्री जेवणं झाल्यावर मी यादी भाचीच्या मोबाइलवर पाठवली आणि परीक्षेचा निकाल लागायचाय तसा समोर बसलो.

तिने पहिलं गाणं लावलं. पंधरा सेकंद. दुसरं, दहा सेकंद. सहाव्याला बोट वर सरकवत थेट शेवटपर्यंत गेली.

"मामा, हा सातबारा आहे."

"अगं, क्रमाने ऐकलंस तर एकातून दुसरं कसं निघालं ते..."

"चांगलं आहे रे," ती म्हणाली, पाहुण्यांनी आणलेल्या साडीला म्हणतात त्या सुरात.

दाजींनी पेपर खाली करून विचारलं, "इंडी म्हणजे इंडियातलेच ना हे सगळे?" यादीत इंडियातला एकही नव्हता. दाजींनी पेपर पुन्हा वर धरला.

दिवस दुसरा, शुक्रवार

सकाळी मिसळ. नाशिकला मिसळीवर लिहिलं नाही तर लोक आपण आलोच नव्हतो असं धरतात, म्हणून लिहितो: काळ्या मसाल्याचा रस्सा, जोडीला पापड आणि दही, आणि पाव संपेपर्यंत रस्सा वाढणारा माणूस. पुणेकराने तुलना करू नये. मी केली नाही.

भाचीला कॉलेजातून गोदाघाटावरच्या जुन्या वाड्यांची रेखाटनं करायला सांगितलंय, म्हणून तिच्याबरोबर रविवार कारंजावरून सराफ बाजारातून खाली उतरलो. ती वही घेऊन सरकारवाड्याचे खांब काढत बसली. मग नारोशंकराच्या देवळाशी आलो. वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांची आणलेली ती घंटा वर टांगलेली आहे, समोर दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात मारुतीच्या कुठपर्यंत पाणी चढलं त्यावर नाशिककर पुराचं माप काढतात. आत्ता त्याच्या पायांशी दोन पोरं क्रिकेट खेळत होती.

पायरीवर बसल्यावर भाची कुरकुरायला लागली. इथल्या एका स्टुडिओने तीन गाण्यांचा जो भाव सांगितला, तेवढ्यात तिचा सेकंडहँड ॲम्प दोनदा आला असता. ड्रमचे माइक वेगळे, तासाचे पैसे वेगळे, मिक्सिंग वेगळं. "आणि मुंबईला गेल्याशिवाय कुणी ऐकत पण नाही."

तेव्हा मी यादी सोडून बोललो, बहुधा पहिल्यांदाच.

न्यूझीलंडच्या खालच्या टोकाला डनीडन नावाचं गाव आहे. आज वस्ती साधारण सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या मालेगावच्या पावपट. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहर १४.८६ लाखांचं होतं, तेव्हा नाशिक त्याच्यापुढे महानगरच. १९८१ मध्ये तिथल्या 'द क्लीन' या बँडने एक गाणं रेकॉर्ड केलं. खर्च साठ डॉलर. ऑर्गन वाजवायला शेजारच्या 'द चिल्स' बँडमधला मार्टिन फिलिप्स आला. क्राइस्टचर्चमधल्या रेकॉर्डच्या दुकानात काम करणाऱ्या रॉजर शेफर्डने नुकतंच 'फ्लाइंग नन' नावाचं लेबल, म्हणजे तबकड्या काढणारी छोटी कंपनी, काढलं होतं, त्याने ते छापलं. आणि ते साठ डॉलरचं गाणं देशाच्या यादीत एकोणिसाव्या नंबरला जाऊन बसलं. त्यानंतरची त्यांची गाणी ख्रिस नॉक्स नावाच्या गड्याच्या चार ट्रॅकच्या टेपरेकॉर्डरवर झाली. स्टुडिओ नाहीच.

"साठ डॉलर?" भाचीची पेन्सिल थांबली. "आणि ऐकू येतंय सगळं?"

"खरखरतं. पण ऐकू येतं."

मग मलाच चेव आला. अमेरिकेतल्या अथेन्स या कॉलेजगावचे आर. ई. एम., गायक तुझ्यासारखा चित्रकलेचा विद्यार्थी, पहिला कार्यक्रम एप्रिल १९८० मध्ये, वापरात नसलेल्या एका चर्चमध्ये, मैत्रिणीच्या वाढदिवसाला. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचे अंडरटोन्स. लंडन-न्यूयॉर्कचे बँड तर होतेच, पण माझ्या यादीतली निम्मी गावं अशी नाशिकपेक्षा बारकी निघाली. यादी करताना मी सालं मांडत बसलो होतो, गावांकडे बघितलंच नव्हतं.

एक हेडफोन तिच्या कानात, एक माझ्या. अंडरटोन्सचं १९७८ चं गाणं लावलं, जेमतेम अडीच मिनिटांचं. रामकुंडाकडून भोंग्यावरचं भजन येत होतं आणि एक बाई आमच्या दोघांच्या मधून कणसाची टोपली घेऊन गेली. वायर सुटली, पुन्हा लावली. गाणं संपलं.

"परत लाव," भाची म्हणाली.

आणि मी घाण केली. परत लावायचं सोडून म्हटलं, "थांब, याच्या पुढचं ऐक, ते तर..." पुढचं सुरू झालं. तिने पेन्सिल उचलली. गेली ती वेळ.

जॉन पील नावाचे बीबीसीवर एक निवेदक होते. १९६७ पासून २००४ मध्ये वारले तोवर रात्री अनोळखी बँड वाजवत राहिले. हेच अंडरटोन्सचं गाणं त्यांनी वाजवलं, संपलं, आणि लगेच तेच पुन्हा वाजवलं. रेडिओवर असं कुणी करत नाही. ही गोष्ट मला वीस वर्षं पाठ आहे, मित्रांना चार वेळा सांगूनही झालीय. पायरीवर बसून उपयोगी पडायची तेव्हा आठवली नाही.

रात्री गच्चीत शेकोटी. फेब्रुवारीतही नाशिकला रात्री शाल लागते. ताई महापालिकेच्या शाळेत शिकवते, म्हणून तिला गाइडेड बाय व्हॉइसेसची गोष्ट सांगितली. ओहायोतल्या डेटनचा बँड, गाणी लिहिणारा रॉबर्ट पोलार्ड चौथीचा मास्तर. चौदा वर्षं वर्ग घेतला आणि घरी येऊन तळघरात, गॅरेजमध्ये टेपवर गाणी केली. १९९४ चा त्यांचा गाजलेला अल्बमही तसाच घरगुती.

"चौथीला?" ताईने विचारलं. "मग पेपर कधी तपासायचा?"

दाजी नोट प्रेसमधून निवृत्त झालेत. त्यांना ग्लासगोच्या बेल अँड सबॅस्टियनचं सांगितलं. त्यांचा पहिला अल्बम १९९६ मध्ये एका कॉलेजच्या संगीत-व्यवसायाच्या अभ्यासक्रमात प्रकल्प म्हणून निघाला, हजार प्रती.

"हजारच?" दाजी म्हणाले. "हजारात आमचं मशीन गरमसुद्धा होत नव्हतं."

गाणं मात्र कुणीच मागितलं नाही. मीही लावलं नाही.

दिवस तिसरा, शनिवार

बँडचा सराव अंबडच्या एमआयडीसीत चालतो. बास वाजवणाऱ्या मुलाच्या वडिलांचं तिथे छोटं वर्कशॉप आहे, तीन लेथ आणि एक ड्रिल मशीन. आज सुट्टी होती. शटर अर्धं वर, आत कटिंग ऑइलचा वास, कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलेले जॉब. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पत्र्याला आतून जुनी ब्लँकेटं टांगलेली. त्यातल्या एकावर वाघ होता.

ड्रमचा सेट वर्गणीतून घेतलेला. बास ड्रम, म्हणजे पायाच्या पेडलने वाजवायचा तो मोठा, वाजवताना पुढे सरकतो, तो सरकू नये म्हणून त्यासमोर लोखंडी पट्टी टाकून ती सी-क्लँपने लेथच्या पायाला आवळलेली. हे मला फार आवडलं. संगीताच्या दुकानात याच कामाला स्पाइक मिळतात, पण इथे क्लँप होता, मग स्पाइक कशाला?

ड्रमवाला मुलगा मूळचा ढोलवाला. ढोल-ताशा पथकात आठवीपासून. नाशिक ढोल म्हणजे काय ते ज्याने मिरवणुकीत शेजारी उभं राहून ऐकलंय त्याच्या छातीला माहीत असतं. हा मुलगा ड्रमही तसाच वाजवतो. पहिलं गाणं सुरू झालं आणि गिटार दिसत होती, ऐकू येत नव्हती. गायक माइकमध्ये तोंड घालून काहीतरी म्हणत होता. भाची मध्येच थांबून ओरडली, "अरे भो, हळू! मिरवणूक नाहीये!"

"हळूच चाललंय की."

"तुझं हळू म्हणजे भद्रकाली चौक."

तो ओशाळला. त्याने नंतर मला सांगितलं, त्याला खरी अडचण बसण्याची होती. सहा वर्षं ढोल कमरेला बांधून उभ्याने वाजवलाय. स्टुलावर बसलं की ताकद कुठून काढायची ते कळत नाही, म्हणून हातानेच सगळी लावतो. पायाचं पेडल तर त्याला अजून परकं. "मामा, पाय ताल धरतो, पण वाजवत नाही." (भाचीचे मित्र, म्हणजे मी सगळ्यांचाच मामा. सिग्नलवरच्या पोलिसासारखा.)

तिसऱ्या गाण्याच्या मध्ये एमसीबी पडला. दोन ॲम्प, एक पेडस्टल फॅन आणि कुणीतरी चहासाठी लावलेली इलेक्ट्रिक किटली. बासवाला पॅनेल उघडायला गेला. अंधारात, मोबाइलच्या उजेडात सगळे पोत्यांवर टेकले, आणि त्या ढोलवाल्याकडे बघून मला एकदम मो टकर आठवली.

ती माझ्या यादीत नव्हती. म्हणजे तिचा बँड होता, व्हेल्व्हेट अंडरग्राउंड, सालाचा क्रम मोडून दुसऱ्या नंबरला, कारण इंडीवाले सगळे त्यांना पणजोबा मानतात. पण मी त्यांचं जे गाणं निवडलं होतं ते गिटारीसाठी.

मॉरीन टकर. १९६५ च्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये या बँडमध्ये आली. त्याआधी पंचकार्डं टाइप करायच्या नोकरीत होती. ती ड्रम उभ्याने वाजवायची. बास ड्रम आडवा टाकून, तोंड वर करून ठेवायची, हातात काठ्यांऐवजी मॅलेट, म्हणजे टोकाला गुंडाळलेली नरम मोगरी. झांजांना जवळजवळ हात लावायची नाही. बाकीचे दोघं-तिघं गिटारी आणि व्हायोला घेऊन वेड लागल्यासारखे सुटायचे आणि ही एकच ठेका धरून उभी राहायची, ढिम्म. एकदा तिचे ड्रम चोरीला गेले, तर कचऱ्याचे डबे उलटे टाकून त्यांना माइक लावून कार्यक्रम केले.

"उभ्याने?" ढोलवाला म्हणाला.

"उभ्याने."

"आणि पायाचं पेडल?"

"नाहीच."

लाइट आली. मी मोबाइलमधून त्यांच्या १९६७ च्या पहिल्या अल्बममधलं एक गाणं लावलं, सहा मिनिटांचं, त्यात तिचा ठेका सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालत राहतो, एखादी पालखी चालावी तसा. यावेळी तोंड बंद ठेवलं. ढोलवाला मोबाइलकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता आणि उजवा हात मांडीवर पडत होता.

संपल्यावर तो काही म्हणाला नाही. उठला, सी-क्लँप सोडला. बास ड्रम काढून दोन लाकडी पॅलेटवर आडवा टाकला, बाजूला फ्लोअर टॉम, म्हणजे जमिनीवर उभा असतो तो ड्रम, उंच करून ठेवला, स्टूल लाथेने लांब. झांजांचे स्टँड भिंतीला. मग इकडेतिकडे बघून कपाटातून कॉटन वेस्ट काढलं, जॉब पुसायला असतं ते, काठ्यांच्या टोकांना गुंडाळलं आणि काळ्या इन्सुलेशन टेपने आवळलं. दोन मिनिटांत मोगऱ्या तयार. मी डनीडनचे साठ डॉलर सांगत होतो. हा शून्य रुपयांत काम करून मोकळा.

"घे," तो भाचीला म्हणाला.

तेच मघाचं गाणं. धप्प, धप्प. मऊ, खोल, जमिनीतून आल्यासारखा आवाज. ताकद सगळी होती, पण आता ती पायांतून वर येत होती आणि कॉटन वेस्टमध्ये मुरत होती. भाचीच्या गिटारीतले बारीक सूर प्रथमच मोकळे ऐकू आले. गायकाचे शब्दही आले. आणि आल्यावर कळलं की गायक अंतऱ्यात चांगलाच बेसूर आहे. इतके दिवस ढोलाने झाकलं होतं.

गायक सोडून सगळे खूश.

साडेसहाला ढोलवाला निघाला. शिवजयंतीचा सराव सुरू आहे, पथकात उशीर चालत नाही. जाताना मोगऱ्या खिशात घालून घेऊन गेला. परतताना स्कूटीवर मागे बसलो होतो, भाची म्हणाली, "यादीत नव्हती ना ती?"

"बँड होता."

"पण ती नव्हती."

नव्हती.

दिवस चौथा, रविवार

सकाळी साडेसहाला पांडवलेणी. पायऱ्यांवर निम्मं नाशिक व्यायामाला आलेलं असतं. एक आजोबा आम्हाला दोनदा मागे टाकून वर गेले, एकदा उतरतानाही भेटले.

मला अठराव्या क्रमांकाचा चैत्य दाखवायचा होता, पण तो दाखवला भाचीनेच, तिचा विषय. दारावरच्या कमानीशी ब्राह्मी लेख आहे. नाशिककरांच्या धंभिक गावाचं दान, असा. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी एका गावाने वर्गणी काढून हे दार करवलं आणि दगडात तसं लिहून ठेवलं. दहाव्या लेण्यातला लेख तर चक्क ठेवीचा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे ठेवले, दोन हजार एकीकडे, एक हजार दुसरीकडे, आणि व्याजातून भिक्षूंची वस्त्रं वगैरे भागवायची. मूळ रक्कम परत मागायची नाही.

"ह्याला म्हणतात लेबल," भाची म्हणाली.

तिथेच मी तिला बँडकॅम्पचं सांगितलं. २००८ पासून इंटरनेटवर ही जागा आहे. बँड स्वतःची गाणी स्वतःच्या भावाने विकतो, डिजिटल विक्रीत ते पंधरा टक्के ठेवतात, आणि मार्च २०२० पासून अधूनमधून एखाद्या शुक्रवारी स्वतःचा वाटा सोडून देतात. नवा बँड शोधायचा तर मी तिथे गावाच्या नावाने शोधतो, शैलीच्या नाही. आवडलेल्या बँडखाली तो विकत घेणाऱ्यांचे छोटे छोटे चौकोन दिसतात. त्यातल्या एखाद्या अनोळखी माणसाच्या संग्रहात शिरायचं. पोर्तुगालमधला कुणी बाबा आहे, त्याची निवड मला माझ्या सख्ख्या मित्रांपेक्षा जास्त पटते. त्याला हे माहीत नाही. ही एक युक्ती सोडली तर बेचाळीस जणांच्या यादीपेक्षा वेगळं काही मजजवळ नव्हतं, आणि ही युक्ती मी तिला चौथ्या दिवशी सांगत होतो.

उतरून फाळके स्मारकाच्या बाजूला चहा घेतला. भाचीने न विचारता माझ्या कानात हेडफोन घातला आणि स्वतः वहीत लेण्याचा खांब काढायला लागली.

ट्रम्पेट. लग्नातल्या बँडसारखा, पण दमलेला, वरात संपून घरी निघालेला. त्यावर एक जाड, संथ आवाज, जुन्या हॉटेलात गाणाऱ्यासारखा. गाणं संपेपर्यंत मी थांबलो. ती खांबच काढत होती. शेवटी मीच विचारलं, "कोण आहे गं हे?"

पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी. दिल्लीचे. २००९ पासून वाजवतायत, २०१९ मध्ये 'बिस्मिल्ला' नावाचा अल्बम आला. त्यातल्या एका गाण्याच्या व्हिडिओत गायकाचं स्वतःचं लग्न आहे. म्हणजे ताईला फोनवर जे वाटलं ते अगदीच चूक नव्हतं. माझी यादी २००६ ला संपत होती आणि तीत इंडियातलं कुणी नव्हतं, हे दाजींनी गुरुवारीच पकडलेलं.

"अजून सांग ना," मी म्हटलं.

"आधी हे ऐक आठवडाभर." पान उलटून म्हणाली, "आणि मराठी पाहिजे असेल तर अभंग रिपोस्ट. तुकोबा, ड्रम-गिटारीवर. पण ते पुढच्या वेळी."

हॉस्टेलमधल्या त्या पत्तेवाल्याला ही कधी भेटली नव्हती.

दुपारी ताईने दोन पेट्या द्राक्षं आणि कोंडाजीचा चिवडा बांधून दिला. दाजी स्टँडवर सोडायला आले. बस लागेपर्यंत गप्प होते, मग म्हणाले, "ते हजार प्रतींवाले, ग्लासगोचे. त्यांचं एखादं गाणं पाठव." मी मोबाइल काढला. "आत्ता नाही," दाजी म्हणाले, "रात्री. निवांत."

सिन्नरच्या पुढे भाचीने रेकॉर्डिंग पाठवलं. आज दुपारचं, मोबाइल लेथवर ठेवून केलेलं, चाळीस सेकंद. फॅनची घरघर, कुणाचं तरी खोकणं, मग धप्प, धप्प, आणि वर तिची गिटार. गायक अजून बेसूर. संपलं, परत लावलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "भजन आहे का?" म्हटलं, होय, तसंच.

संगमनेरला अनोळखी नंबरवरून फोन आला. ढोलवाला.

"मामा, त्या उभ्या बाईसारखं अजून कोण आहे?"

माझ्या तोंडावर सात नावं आली. खरंच सात, मोजली मी. मागून पथकाचे ढोल आवळताना करतात तशी टकटक येत होती, म्हणजे त्याला वेळही नव्हता.

"एक आहे," मी म्हटलं. "लो. एल, ओ, डब्ल्यू. डलुथ नावाच्या गावचे. मिमी पार्कर वाजवायची, एक स्नेअर, एक फ्लोअर टॉम, एक झांज. फार हळू वाजवायचे, घाबरू नको."

"ती पण उभ्याने?"

"ती पण उभ्याने."

"बरं," तो म्हणाला, आणि पलीकडे ताशा सुरू झाला.